आयर्लंडमधलं आमचं खेडं: किलफेनोरा आणि आजूबाजूचं जगणं

करवीरकन्या

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका धाग्यावर ओघात लिहून गेले की आमच्या घराला नंबर नाही आणि रस्त्याला नाव नाही. त्यावर तिघाचौघांनी विचारलं, मग पत्र कसं येतं, आणि तू राहतेस तरी कुठे? म्हणून हा वेगळा धागा काढतेय. डब्लिनवर इथे पुष्कळ लिहून झालंय, आयटीवर त्याहून जास्त. खेड्यावर फारसं कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

मी नर्स आहे. माहेर कागल तालुक्यातलं. २०१९ च्या नोव्हेंबरात क्लेअर परगण्यात आले, इथल्या एका वृद्धाश्रमात नोकरी लागली म्हणून. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर, त्याच्या उत्तरेला बरेन नावाचा चुनखडीचा उघडाबोडका मुलूख, आणि त्या मुलखाच्या दक्षिण कडेला किलफेनोरा. लिस्डूनवार्ना आणि एनिस्टायमन ही जरा मोठी गावं गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. गाव म्हणजे एक तिठा, दोन-तीन पब, शाळा, चर्च, बरेनची माहिती देणारं केंद्र, आणि एक जुनं कॅथेड्रल. त्याचा अर्धा भाग पडका आहे. तिथे बाराव्या शतकातले कोरीव दगडी क्रूस आहेत, पावसाने झिजू नयेत म्हणून त्यातल्या काहींवर आता काचेचं छप्पर घातलंय. गावातले लोक अभिमानाने सांगतात की किलफेनोराचा बिशप म्हणजे खुद्द पोप. त्यात तथ्य आहे. हा छोटा धर्मप्रांत गॉलवेला जोडला, पण दोन्ही वेगवेगळ्या मोठ्या प्रांतांत मोडत असल्यामुळे नावापुरतं बिशपपद पोपकडे राहिलं आणि गॉलवेचे बिशप त्यांच्या वतीने कारभार बघू लागले.

मी तिठ्यापासून तीन किलोमीटरवर भाड्याने राहते. आता पत्त्याचं. इथे जमिनीची विभागणी 'टाउनलँड'मध्ये आहे. नावात टाउन असलं तरी शहराशी संबंध नाही. आपण शिवाराला नाव देतो, माळाला, वाडीला नाव देतो, तसं. अख्ख्या आयर्लंड बेटावर असे ६० हजारांवर टाउनलँड आहेत. माझ्या पत्त्यात माझं नाव, टाउनलँडचं नाव, किलफेनोरा, क्लेअर, एवढंच. २०१५ च्या जुलैत एअरकोड आला, तेव्हापासून प्रत्येक घराला स्वतंत्र सात अक्षरी कोड आहे. त्याआधी सगळी भिस्त पोस्टमनवर. एका टाउनलँडमध्ये एकाच आडनावाची चार घरं असतात, म्हणून माणसाच्या नावापुढे बापाचं नाव लावतात, कधी आज्याचंही, नाहीतर केसांचा रंग. आमच्या भावकीत 'खालच्या आळीचा', 'विहिरीवरचा' म्हणायचे, ते आठवून मला पहिल्याच आठवड्यात बरं वाटलं होतं.

पहिला हिवाळा मात्र अवघड गेला. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार, आणि पाऊस वरून नाही, आडवा येतो. ड्यूटीवरून आले की दार लावून घ्यायचे. रस्ता एका गाडीच्या रुंदीचा, मधोमध गवत. समोरून गाडी आली की एकाने मागे जाऊन फाटकापाशी जागा द्यायची. तेव्हा समोरचा स्टीअरिंगवरचा हात न काढता नुसतं एक बोट वर करतो. मला वाटायचं मला कुणी ओळखतच नाही, मग हे बोट कुणाला? महिनाभराने कळलं की बोट सगळ्यांसाठी असतं, आणि उलट बोट न करणारी बाई कोण याची गावात चौकशी झाली होती.

चौकशी करायला आले आमचे शेजारी. तेव्हा ऐंशीचे होते, एकटे, लग्न न केलेले. हातात अर्धा डझन अंडी. दारातच उभे राहून हवेवर बोलले, मग रस्त्यावर, मग पुन्हा हवेवर. आत या म्हटलं तर नको, चहा घ्या म्हटलं तर नको. तिसऱ्यांदा म्हटल्यावर आले. तीनदा विचारायचं असतं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, ते आपल्याकडचंच. इथे त्यांना सगळे, अगदी शाळेतली पोरंसुद्धा, पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते कधी नीट निघालं नाही. मनात मी त्यांना आबा म्हणत असे, इथेही तसंच लिहिते.

काय काय सांगू ते कळत नाहीये. विचारा, तसं लिहीन.

पिंपळपान

मस्त लिहिलंय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. त्या बोटाचं वाचून आमच्या गावचे एसटी ड्रायव्हर आठवले.

मालवणी_मुलूख

आयर्लंड म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना वराड आठवतं. मालवण तालुक्यातलं हे गाव, लिओ वराडकरांच्या वडिलांचं. २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा गावात आनंद झाला होता, आणि २०१९ च्या डिसेंबरअखेरीस ते स्वतः आले तेव्हा तर विचारू नका. मी शेजारच्याच गावचा, गर्दीत उभा होतो. त्यांचं आजोळ तिकडे वॉटरफर्डमधलं डंगार्वन.

प्रश्न असा, की चुनखडीच्या उघड्या दगडावर शेती कसली करतात? आमच्याकडे जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यातलं गवत सोडलं तर काही येत नाही.

करवीरकन्या

मालवणी_मुलूख, सड्याची आठवण मलाही झाली होती. पण इथे जे चालतं ते मी आणखी कुठे ऐकलेलं नाही, म्हणून सविस्तर सांगते.

जगात डोंगराळ भागातले गुराखी उन्हाळ्यात गुरं वर नेतात आणि थंडीला खाली आणतात. बरेनमध्ये उलट. ऑक्टोबरच्या शेवटाला गुरं डोंगरावर चढवायची आणि एप्रिलच्या सुमारास खाली आणायची. याला 'विंटरेज' म्हणतात. मला आधी ही थट्टा वाटली. अटलांटिकचा वारा अंगावर घेत गाभण गाई हिवाळाभर उघड्यावर? आबांनी फाटकाला टेकून समजावलं. चुनखडी उन्हाळाभर ऊन पिऊन घेते आणि थंडीत सावकाश सोडते. पाणी भेगांतून खाली निघून जातं, त्यामुळे गाईला बसायला कोरडी जागा मिळते. खालच्या कुरणात याच दिवसांत खुरं घोट्यापर्यंत रुततात. उन्हाळाभर वर कुणी चरलेलं नसतं, सगळं गवत उभं असतं, आणि चुन्याच्या जमिनीतलं असल्यामुळे हाडाला चांगलं. प्यायला झरे. गोठा लागत नाही, शेण काढायला नको.

याचा दुसरा फायदा मे महिन्यात दिसतो. हिवाळ्यात जाड गवत गुरांनी खाल्लेलं असतं, म्हणून वसंतात बारीक झाडांना ऊन मिळतं, आणि उन्हाळ्यात तोंड लावायला गुरं नसतात. मग दगडांच्या भेगांतून जेन्शियन नावाचं फूल येतं. असा गडद निळा रंग मी फुलात कधी पाहिला नव्हता. ते मूळचं आल्प्ससारख्या थंड उंच प्रदेशातलं, आणि त्याच्याच शेजारी भूमध्य समुद्राकडची ऑर्किडं उगवतात. चरणं थांबलं तर दहा-पंधरा वर्षांत हेझलची झुडपं सगळं झाकून टाकतात. त्यामुळे २००५ पासून इथे शेतकऱ्यांना बरोबर घेऊन एक संवर्धन प्रकल्प चालला. त्यातून पुढे जी पद्धत बसली तिच्यात कुरणाची अवस्था किती चांगली आहे यावर पैसे मिळू लागले. आबा आधी साशंक होते. नंतर मला फुलांची नावं तेच सांगायचे.

बाकी शेती म्हणजे दूध कमी, वासरं जास्त. आठ-नऊ महिन्यांचं वासरू एनिसच्या, म्हणजे परगण्याच्या मुख्य गावच्या, बाजारात विकायचं. खाली गवत कापून मुरवतात, काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले गोल भारे सगळीकडे दिसतात. देशात सरासरी शेत ३३ हेक्टरचं, ऐकायला आपल्याला फार वाटतं, पण त्यातला निम्मा दगड असेल तर हिशोब वेगळा.

सातारी_कंदील

हे वाचून कासची आठवण येणं अटळ. आमच्याकडे पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरं बंद झाली, आणि मग फुलं का कमी झाली यावर बरीच वर्षं चर्चा चालली. गावातली म्हातारी माणसं पहिल्यापासून म्हणत होती की गुरं फिरली पाहिजेत. क्लेअरमध्ये शेतकऱ्याचं ऐकून योजना आखली हे वाचून फार बरं वाटलं.

डब्लिनकर

छान धागा. पण थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण वाचून कुणाला लगेच खेड्यात जावंसं वाटेल.

आम्ही नवरा-बायको आणि मुलगी दोन वर्षं मधल्या पट्ट्यातल्या एका खेड्यात राहिलो. माणसं वाईट नव्हती, उलट फार अदबीची. पण ती अदब भिंतीसारखी असते. बाहेरून आलेल्याला 'ब्लो-इन' म्हणतात, वाऱ्याबरोबर आलेला. तीस वर्षं राहिलेल्या इंग्लिश माणसालाही म्हणताना ऐकलं. बस दिवसाला एक. बायकोला गाडी येत नव्हती, तिचा दिवस घरातच जायचा. वर्गात मुलगी एकटीच वेगळी दिसणारी. कुणी चिडवलं नाही, पण वाढदिवसांची बोलावणी यायला वर्ष लागलं. शेवटी घरमालकाने घर सुट्टीच्या भाड्याला द्यायचं ठरवलं आणि दुसरं मिळेना, म्हणून आम्ही शहरात परतलो.

करवीरकन्या

डब्लिनकर, तुमचं एकही वाक्य खोडायचं नाही. वहिनींना जे सोसावं लागलं ते मी पहिल्या हिवाळ्यात सोसलंय, आणि मला निदान नोकरी तरी होती. गाडी येत नसेल तर इथे माणूस अपंग होतो. मी लायसन्सच्या रांगेत होते तोवर वृद्धाश्रमातल्या एका सहकारी बाईंनी सात महिने मला नेलं-आणलं, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत.

घराचं दुखणं तर सगळ्यात मोठं. २०२२ च्या जनगणनेत देशभरात १ लाख ६६ हजारांवर घरं रिकामी निघाली, आणि तरी भाड्याला घर मिळत नाही. आमच्या रस्त्यावरच तीन बंद आहेत. वारसांपैकी कुणी बोस्टनला, कुणी पर्थला, कागदपत्रं अर्धवट. नवीन बांधायचं तर उघड्या माळावर परवानगी देताना परगणा विचारतो की तुमचा या भागाशी संबंध काय. इथल्याच पोरांना ती मिळवताना नाकी नऊ येतात.

आणि बाहेरच्यांबद्दल. लिस्डूनवार्नात २०१८ मध्ये निर्वासितांसाठी हॉटेल द्यायच्या प्रस्तावाला गावच्या सभेत मोठ्या बहुमताने विरोध झाला होता. २०२२ मध्ये त्याच गावातली हॉटेलं युक्रेनमधून आलेल्या कुटुंबांनी भरली, शाळेत पोरं वाढली, आणि कपडे-भांडी गोळा करणाऱ्यांत विरोधाला हात वर केलेली माणसंही होती. त्या वेळी मी दोन शनिवार तिथे भांडी लावायला गेले होते, म्हणून सांगते. त्यांचा राग माणसांवर होता की न विचारता ठरवण्यावर, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. बहुधा दोन्हीवर थोडा थोडा.

जुनी_पेटी

क्लेअर म्हणजे संगीताचा परगणा ना? त्यावर लिहा की. मी पेटी वाजवते, आयरिश धुना ऐकते, पण गावात ते कसं चालतं हे कुणाकडून ऐकलं नाही.

करवीरकन्या

जुनी_पेटी, तुमचा प्रश्न यावा असं वाटत होतं.

किलफेनोरा केली बँड १९०९ पासूनचा. केली म्हणजे नाचाची सामुदायिक मैफल. १९५४, ५५ आणि ५६ अशी सलग तीन वर्षं या बँडने अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली, आणि १९९३ ते ९५ पुन्हा सलग तीन. गावाची वस्ती लक्षात घ्या, शंभरांत मोजायची आहे. वाजवणं पिढीतून पिढीत जातं, एकेका घराण्याचे तीन-तीन जण वाजवताना मी पाहिलेत.

आबा सांगायचे की त्यांच्या आईच्या तरुणपणी नाच घराघरांत व्हायचे. स्वयंपाकघरातली टेबलं बाहेर काढायची, फरशीच्या दगडावर टाचा आपटायच्या. १९३५ मध्ये कायदा आला, सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा झाला. पाद्री आणि पोलीस त्याचा आधार घेऊन घरातले नाचही बंद पाडू लागले. नाच चर्चच्या सभागृहात गेले. मोठ्या सभागृहात एकट्या फिडलचा, म्हणजे व्हायोलिनचा, आवाज पुरेना, म्हणून दहा-दहा वाजवणाऱ्यांचे बँड जोरात आले.

क्लेअरचं खास वाद्य म्हणजे काँसर्टिना. षटकोनी, दोन हातांत मावेल एवढं. तुमच्या पेटीसारख्याच आत धातूच्या पट्ट्या असतात, भात्याच्या हवेने थरथरतात. फरक असा की इथल्या प्रकारात तेच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. त्यामुळे धुनेला श्वास घेतल्यासारखी लय येते. एके काळी हे बायकांचं वाद्य होतं, माजघरात ठेवलेलं.

पबमध्ये वाजवतात त्याला 'सेशन' म्हणतात. त्याला मैफल म्हणू नये. वाजवणारे एका टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात, लोकांकडे पाठ असली तरी कुणाला वावगं वाटत नाही. एक जण धून सुरू करतो, ज्याला येते तो सामील होतो, न येणारा हात मांडीवर ठेवून ऐकतो. तीन धुना जोडून वाजल्या की थांबतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात. आमच्या गावच्या भजनी मंडळात हेच होतं, ज्याला पुढची ओळ येते तो उचलतो. वाद्य घेऊन विचारल्याशिवाय टेबलाशी बसायचं नाही, एवढा एक नियम पाळा. विचारलंत की जागा करून देतात.

पब मात्र कमी होताहेत. २०११ मध्ये गाडी चालवताना रक्तात चालणाऱ्या दारूची मर्यादा ८० वरून ५० मिलिग्रॅमवर आली. कायदा योग्यच आहे, मी नर्स आहे, अपघात बघितलेत. पण माळावर एकटे राहणारे म्हातारे जी दोन तास माणसांत येऊन बसायचे ते बंद झाले, आणि त्यांना न्यायला-आणायला वेळेवर दुसरं काही आलं नाही. आबा दारू पीत नव्हते, तरी सोबत जाणारा मित्र यायचा थांबला म्हणून त्यांचंही जाणं थांबलं.

कॉर्कवासी

सुंदर. अवांतर वाटेल, पण खेळाशिवाय आयरिश खेडं पूर्ण होत नाही म्हणून भर घालतो. जीएए या आयरिश देशी खेळांच्या संघटनेची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्समधल्या हेज हॉटेलात झाली, आणि तिचे संस्थापक मायकल क्युसॅक तुमच्याच बरेनमधल्या कॅरनचे. खेळाडू गावाच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीच्या, संघातून खेळतो. पैसे कुणालाच मिळत नाहीत, ८० हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळणारा सोमवारी शाळेत शिकवायला जातो. माझा मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून हर्लिंग, म्हणजे काठी-चेंडूचा इथला खेळ, खेळतो. आम्हाला गावात ओळख मिळाली ती त्याच्या काठीमुळे. मैदानाच्या कडेला पावसात उभं राहिलं की कुणीतरी छत्री पुढे करतं आणि बोलणं सुरू होतं. डब्लिनकर, तुमच्या मुलीला कॅमोगीला घातलं होतं का? मुलींचं हर्लिंग ते.

(आणि २०२४ च्या जुलैत तुमच्या क्लेअरने आमच्या कॉर्कला जादा वेळेत एका गुणाने हरवलं, ते मी विसरलेलो नाही.)

डब्लिनकर

नव्हतं घातलं. कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. आता इथे शहरात जाते, आवडतं तिला.

करवीरकन्या

३-२९ विरुद्ध १-३४! (आधीचा आकडा गोलांचा, एका गोलाचे तीन गुण.) त्या रात्री एनिसला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा पश्चिम-उत्तर भाग खरा फुटबॉलचा, हर्लिंग पूर्वेकडे जास्त, पण त्या दिवशी घराघरावर केशरी-निळं निशाण होतं.

पिंपळपान

करवीरताई, तुम्ही आबांबद्दल सगळीकडे 'सांगायचे', 'होते' असं लिहिताय. विचारू की नको कळत नव्हतं.

करवीरकन्या

विचारलंत ते बरं झालं. २०२४ च्या मार्चमध्ये गेले, शनिवारी पहाटे, झोपेत. हे लिहायचं मनात होतंच, कारण खेडं म्हणजे काय हे मला त्या चार दिवसांत कळलं. जरा लांबेल.

सकाळी नऊला रेडिओवर निधनवार्ता लागतात. इथे स्थानिक रेडिओवर रोज नावं वाचतात: कोण गेलं, कुठल्या टाउनलँडचं, अंत्यदर्शन कधी, चर्च कधी. सगळी घरं त्या वेळी गप्प असतात. आता वेबसाइटवरही येतं, तरुण मंडळी तिथे बघतात. आबांचं नाव रेडिओवर यायच्या आधीच मात्र त्यांच्या अंगणात पाच गाड्या होत्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. एक जण गुरं बघायला डोंगरावर गेला, कारण विंटरेज संपायचं होतं आणि गाई वरच होत्या. दोघींनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. कुणीतरी सभागृहातून कपबशांचे खोके आणले. एकाने रस्त्याच्या तोंडाशी पिवळं जाकीट घालून उभं राहायचं आपण होऊन पत्करलं, गाड्या कुठे लावायच्या ते दाखवायला.

आपल्याकडे नांगरटीला इर्जिक घालतात, आमच्याकडे पैरा म्हणतात, तसा इथे 'मेहेल' असे. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. यंत्रं आली आणि गवत कापण्यापुरता तो गेला. पण मयताला तो जसाच्या तसा उभा राहतो.

कबर खणायचंही शेजाऱ्यांकडेच. अंत्यसंस्कार मंगळवारी ठरला, म्हणजे खणायचं सोमवारी. सोमवारी कबरीला सुरुवात करू नये असं जुने लोक मानतात. त्यावर तोड अशी की रविवारी संध्याकाळी जाऊन गवताचं एक ढेकूळ उचलून ठेवायचं, म्हणजे सुरुवात रविवारची झाली. चौघे गेले. मी फ्लास्कमध्ये चहा घेऊन गेले, तर त्यातल्या एकाने फावडं माझ्यापुढे केलं, 'तूही शेजारीण आहेस' एवढंच म्हणाला. मी एक ढेकूळ उचललं. आमच्या घरात बायका स्मशानात जात नाहीत. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, बरं केलंस.

सोमवारी दर्शन घरीच होतं. शवपेटी उघडी, बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी. रांग अंगणातून रस्त्यावर. लोक आत येतात, घरच्यांशी हस्तांदोलन करतात, 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणतात, मृताच्या हाताला हात लावतात, चहा आणि सँडविच घेतात, आणि त्या माणसाच्या आठवणी काढत बसतात. हसतातसुद्धा. मला आधी ते विचित्र वाटलं. घरचं म्हणजे अमेरिकेहून आलेली एक बहीण आणि दोन भाचे. रांग संपेना तेव्हा बहिणीने मला हाताला धरून स्वतःशेजारी उभं केलं. दीड तास मी तिथे उभी होते. सातशे-आठशे माणसं आली असतील. एकट्या राहणाऱ्या, लग्न न केलेल्या माणसाला. त्या सगळ्यांनी माझाही हात हातात घेतला. तेव्हापासून दुकानात गेले की लोक मला माझ्या नावाने हाक मारतात.

महिन्याने चर्चमध्ये त्यांच्या नावाने प्रार्थना होते, 'मंथ्स माइंड' म्हणतात. आपलं मासिकच. जुलैत क्लेअर जिंकल्यावर कुणीतरी त्यांच्या कबरीवर केशरी-निळं निशाण खोचून आलं.

सातारी_कंदील

डोळ्यांत पाणी आलं. सातशे माणसं कशी काय आली? एवढ्या जणांना ओळखत होते?

करवीरकन्या

सगळ्यांना नाही. पण ज्याच्या बापाच्या मयताला आबा गेले होते तो आला. साठ वर्षं ते प्रत्येक मयताला जात. आजारी असले तर चिठ्ठी पाठवत. ती जणू उधारीची वही, आणि ती सगळ्यांच्या डोक्यात असते.

जाण्याला इथे इतकं महत्त्व का, यावर आबांचा स्वतःचा विचार होता. एनिस्टायमनहून लाहिंचकडे जाताना दुष्काळाचं स्मारक लागतं, १९९५ मध्ये उभारलेलं. १८४८ च्या फेब्रुवारीत तिथल्या आश्रमगृहाच्या दारात एक चार वर्षांचा पोरका मुलगा आणून सोडला होता, त्याच्या अंगावर चिठ्ठी लावलेली. स्मारकात तो मुलगा दारात उभा दाखवलाय. त्या काळात माणसं खड्ड्यात एकावर एक टाकली, कुणाचं नाव लागलं नाही. १८४१ मध्ये क्लेअरमध्ये २ लाख ८६ हजार लोक होते, आज १ लाख २८ हजारांच्या आसपास आहेत, पावणेदोनशे वर्षांनी निम्मेसुद्धा नाहीत. आबा म्हणायचे, ज्यांच्या माणसांना मातीसुद्धा धड मिळाली नाही ते आता एकही मयत चुकवत नाहीत. इतिहासकार काय म्हणतील ठाऊक नाही, मला ते पटतं.

मालवणी_मुलूख

आणि गुरांचं काय झालं? डोंगरावर होती म्हणालात.

करवीरकन्या

एप्रिलमध्ये शेजाऱ्यांनी खाली आणली. दोन जण मागे, एक पुढे गाडीतून, आणि रस्त्यावरची फाटकं लावायला मी. अठरा गाई, त्यातल्या अकरांच्या पोटाशी वासरं. उन्हाळाभर तिघांनी वाटून सांभाळली. भाचे बोस्टनचे, त्यांना शेती येत नाही, आणि तसं ते सरळ बोलले. २०२० च्या शेतीगणनेत देशातला दर तिसरा शेतकरी पासष्टीच्या वर होता, तेव्हा ही गोष्ट एकट्या आबांची नाही. सप्टेंबरात एनिसच्या बाजारात गाई विकल्या. त्यातल्या चार समोरच्यानेच घेतल्या, डोंगर आणि गाई एकमेकांना ओळखतात म्हणाला. जमीनही पाच वर्षांच्या कराराने त्याच्याकडेच आहे. ऑक्टोबरात त्या चार त्याच्या बाकीच्या गुरांबरोबर वर गेल्या, आणि पुढे वाट त्यांनीच धरली.

घर बंद आहे. मी वर लिहिलेल्या तीन बंद घरांतलं एक तेच. किल्ली बहिणीने माझ्याकडे ठेवलीय. रविवारी ड्यूटी नसली की जाते, खिडक्या उघडते, चुलीत थोडा टर्फ (दलदलीतून कापून वाळवलेली, जळणाची माती) पेटवते म्हणजे भिंतींना ओल धरत नाही, आणि तासाभराने सगळं पुन्हा बंद करून येते.